पाळीवरचा पिंपळ

आत्या, आधी बातमी सांगते, बाकीचं नंतर. तुझी राख कयाधू नदीत सोडली नाही. तळ्याचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या पाळीवर खड्डा खणून ती पुरली आणि वर पिंपळाचं रोप लावलं.

हे तुझ्या दिराच्या मुलाने, गजाननने ठरवलं. तिसऱ्या दिवशी पुरुष राख सावडायला गेले, तेव्हा आम्ही बायका घर धूत होतो. ते परतले तेव्हा गजाननचा पायजमा गुडघ्यापर्यंत मातीने भरला होता. स्मशानातली माती वेगळी असते. ही पाळीची होती, काळी आणि मुरूम मिसळलेली.

"ताई, काकूला तळ्यावरच ठेवलं," तो म्हणाला. "नदी बी घाण झाली न्हाई आन् झाड बी लागलं. काकूच्या नावानं सावली राहील."

"तळ्यावर कुठं?"

"पाळीवर. बराबर मधोमध. समदीकडून दिसंल असं."

मधोमध म्हणजे जिथे पूर्वी नाल्याचं पात्र होतं, जिथे पाणी सगळ्यांत खोल आणि मातीचा भराव सगळ्यांत उंच आहे. त्या जागेवर तू आयुष्यात कशालाही मूळ धरू दिलं नाहीस. आता तिथे तू आहेस आणि तुझ्यावर पिंपळ आहे.

गजाननला वाईट म्हणता येत नाही, ही माझी पहिली अडचण. तुझ्या आजारपणात तोच तुला हिंगोलीला दवाखान्यात नेत होता. रात्री जागला तो, डबे आणले त्याने. शाळेत मास्तर आहे, मुलांकडून झाडं लावून घेतो आणि ती जगवतोही. राख नदीत न सोडता झाड लावावं हे त्याला मनापासून पटलेलं आहे, आणि ते पटण्यासारखंच आहे. फक्त जागा चुकली. त्याने गावातली सगळ्यांत चांगली जागा निवडली आणि तीच नेमकी चुकीची होती.

मी तेरवी होऊन पुढे दोन दिवस गावात होते. मधल्या दिवसांत, मी नोकरी करते त्याच पेपरात, हिंगोलीच्या पानावर, फोटोसह बातमी आली. मी ती सवयीने तपासली. नाव, गाव, नातं, वार, सगळं बरोबर होतं. तुझ्या नावाआधी कुणीतरी 'निसर्गप्रेमी' असं लिहिलं होतं, तेवढा एक शब्द चूक होता.

तू निसर्गप्रेमी नव्हतीस. तू झाडं उपटायचीस.

पाऊस उघडला की खुरपं आणि पहार घेऊन तू पाळीच्या एका टोकाला बसायचीस आणि सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जायचीस. हराळीला हात लावायचा नाही, ती माती धरते. बाकी ज्याचं पुढे लाकूड होईल ते सगळं काढायचं. बाभूळ, सुबाभूळ, लिंब, बोर, पाखरांच्या विष्ठेतून उगवलेले उंबर आणि पिंपळ. वरून छाटायचं नाही, मुळी तुटू न देता ओढायचं. खड्ड्यात ओली माती भरून टाचेने दाबायची. शाळेच्या सुट्टीत मी यायचे तेव्हा टोपल्यात माती घेऊन तुझ्या मागे चालायचे. एकदा विचारलं, हा पिंपळ डब्यात लावू का? तू म्हणालीस, "लाव. तुझ्या बापाच्या दारात लाव. हितं न्हाई."

पिंपळावर मुंजा असतो, त्याला हात लावू नये, असं गाव मानतं. तुला मूल नव्हतं. या दोन गोष्टींची गाठ मारायला गावाला वेळ लागला नाही. पाळीच्या खाली नाल्याच्या काठाने वस्ती आहे. तिथलं पहिलं घर, पाळीला सगळ्यांत जवळचं, कांताबाईचं. ती पाळीखालून जाताना, तुला ऐकू जाईल अशा बेताने बोललेली मी ऐकली आहे.

"मुंजालाच उपटून फेकती ही बाई. मंग कूस कशी उजवंल?"

तू मान वर केली नाहीस. हातातलं रोप ओढलंस, मुळीची माती झटकलीस आणि म्हणालीस, "कांते, तुझ्याच घरी धाडला बघ मुंजा. येईल आता. चहा पाज त्याला, साखर जास्ती लागती."

शेजारी खुरपणाऱ्या बायका हसल्या. कांताबाईही हसली. त्या दिवशी घरी येऊन तू जेवली नाहीस. भाकरी झाकून ठेवलीस आणि पोटात दुखतंय म्हणालीस.

सगळ्या गावाची तू काकू होतीस, माझी एकटीची आत्या. मला पेपरात नोकरी लागली तेव्हा घरात दोन दिवस चूल आणि तोंडं दोन्ही बंद होती. तू पुसेगावहून एसटी धरून आलीस, पाणीसुद्धा न पिता माझ्या वडिलांसमोर बसलीस आणि म्हणालीस, "दादा, पोरगी लिहायलाच जाऊन राहिली ना? चोरी कराय तर न्हाई?" एवढं बोलून तू चहा मागितलास. माझी नोकरी त्या चहावर ठरली. याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तू विषय बदलला असतास.

आपलं मुख्य भांडण झाडांवरून नव्हतंच. ते सांडव्यावरून होतं. तळं भरल्यावर जास्तीचं पाणी बाजूने निघून जावं म्हणून मामांनी एका कडेला मुरमात वाट खोदून ठेवली होती. मामा म्हणजे तुझे यजमान. ते गेल्यावर तू त्या वाटेवर दगडांची रांग रचलीस आणि तिला प्लास्टिकचा कागद लावलास. हेतू एवढाच की पाणी आणखी थोडं थांबावं आणि हळदीला शेवटपर्यंत पुरावं.

मी दर दिवाळीला तेच सांगायचे. पाण्याला बाजूने वाट मिळाली नाही तर ते वरून जाईल. मातीची पाळ वरून वाहणारं पाणी सोसत नाही. ती धुपते आणि जाते, आणि खाली माणसं राहतात.

"हळदीला पाणी काय तुमच्या पेपरातून येतंय?" तू म्हणायचीस.

मी म्हणायचे, तळं तुझं असेल, पण फुटल्यावर पाणी तुझं राहत नाही. तू म्हणायचीस, "लिहून काढ. चांगलं वाक्य हाय."

या तळ्यात सरकारचा एक दगड नाही. नाला मामांच्या शेतातला, माती शेतातली, ट्रॅक्टर भाड्याचा, राबणारी माणसं गावची. त्यामुळे त्याच्यावर सरकारचा डोळाही नाही. मागे मी एका कार्यालयात विचारायला गेले होते की असल्या खाजगी तळ्यांची पाहणी कोण करतं. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "फुटलं का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग?" हे तुला सांगितलं तेव्हा तू पदर तोंडाला लावून हसलीस. पुढे कितीतरी दिवस मी फोन केला की तू पलीकडून आधी विचारायचीस, "फुटलं का?"

गेल्या दिवाळीत मी चिडून म्हटलं, "झाडाच्या बोटभर रोपाला एवढी भितेस आणि पाण्याला नाही?" तेव्हा तू सुपारी कातरत होतीस. अडकित्ता थांबला. मग तू मला ते सांगितलंस, पहिल्यांदा.

पाळीवर पूर्वी एक लिंब होता. मामा त्याच्या सावलीत जेवायचे. घर बांधताना चौकटीला लाकूड हवं म्हणून तो तोडला. पुढे काही वर्षांनी, तळं काठोकाठ भरलेलं असताना, पाळीच्या खालच्या अंगाला मनगटाएवढी धार लागली.

"आधी नितळ आलं," तू म्हणालीस. "मंग गढूळ. गढूळ म्हंजे पाणी माती खाऊन राहिलं. लिंब वर न्हाई राहिला, पण मुळी खाली व्हती ना. ती कुजली आन् तिची नळी झाली."

मामांनी घरच्या गड्यांना घेऊन पाण्याच्या बाजूने, जिथे भोवरा फिरत होता तिथे, मातीची पोती आणि कडबा दाबला. दिवस मावळेपर्यंत धार थांबली. तू पाळीवर उभी राहून खालच्या घरांतून निघणारा धूर बघत होतीस. वस्तीवर स्वयंपाक चालले होते. कुणाला काही माहीत नव्हतं.

"वस्तीला सांगितलं नाही?"

"तुझे मामा म्हणले, कळलं तर तळं फोडाय लावतील."

"आणि मामा गेल्यावर? इतकी वर्षं तुला लोक काय काय बोलले. एका वाक्यात तोंडं बंद झाली असती."

तू सुपारी तोंडात टाकलीस. "कारण सांगितलं का परवानगी मागितल्यावानी व्हतं, माय. मी एकली बाई. एकदा कारण सांगितलं का दहा जण दारात येत्यात, हे ठिव, ते काढ. उपटून राहिले ना मी? मंग झालं तर."

हे वाक्य मी नंतर बरेच दिवस मनात धरून होते. ते खरं आहे. मूल नसलेल्या विधवेने जमीन राखायची तर कारणं देत बसून चालत नाही, हे मला समजतं. पण ते अर्धं खरं आहे, आत्या. उरलेलं अर्धं म्हणजे हळद. वस्तीला पाळीची गोष्ट कळली असती तर सांडव्यावरचे दगड पहिल्या दिवशी निघाले असते. तुला पाणी कमी करायचं नव्हतं. तू त्या लोकांसाठी वर्षानुवर्षं पाळीवर सरपटलीस आणि त्याच लोकांपासून धोका लपवून ठेवलास. दोन्ही तूच केलंस. तेरवीला जे बोलले त्यांना पहिलं माहीत नव्हतं आणि दुसरंही नव्हतं, म्हणून त्यांची भाषणं सोपी झाली.

मी त्या दिवाळीत म्हटलं, वस्तीला सांग. तू म्हणालीस, उन्हाळ्यात बघू. फाल्गुनात तू गेलीस.

तेरवीनंतर मी गजाननला सगळं सांगितलं. लिंबाचं, धारेचं, सांडव्याचं. त्याने नीट ऐकून घेतलं. सांडव्याचं त्याला लगेच पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माणसं लावली आणि दुपारच्या आत दगड निघाले. प्लास्टिक गुंडाळताना तो म्हणाला, "काकू वरून शिव्या देऊन राहिली असंल, ताई. तुमाला आन् मला मिळून."

जे भांडण मी दर दिवाळीला हरत आले ते असं जिंकले. समोर कुणी नव्हतं. मी त्या मोकळ्या वाटेत उभी राहून बघत होते आणि मला एवढंच वाटलं की तू एक तरी उलट उत्तर द्यावंस.

मग मी झाडाचा विषय काढला. गजाननचा चेहरा बदलला.

"काढायचं? तिथं काकूची राख हाय, ताई."

"म्हणूनच. तिला कुठं ठेवलंय ते बघ ना."

"मी छाटत जाईन त्याला. मोठं होऊ देत न्हाई."

"वर छाटलं की खाली मूळ वाढतं. आणि कधी मेलं, तर कुजतं."

त्याला कळत नव्हतं असं नाही. "तुमाला काढायचं असंल तर काढा," तो म्हणाला. "मी हात धरणार न्हाई. पण काकूला कुठं ठिवायचं ते आधी सांगा. खड्डा उकरून राख कुठली आन् माती कुठली, हे कोण निवडून देणार?"

मी म्हटलं, तिथली माती टोपल्याने काढू, रोपासकट विहिरीजवळच्या बांधावर नेऊ. तिथे झाड कितीही वाढलं तरी कुणाचं काही जाणार नाही. तो म्हणाला, वर्षश्राद्ध होऊ द्या, मग बघू. हे 'बघू' मी ओळखते. तुमच्या घरात ते वारशाने चालतं.

वैशाखात पुन्हा गेले तेव्हा पिंपळाभोवती ओटा बांधलेला होता. सिमेंट ताजं होतं. दगड मी ओळखले. ते सांडव्यावरून काढलेलेच होते. गजानन म्हणाला, "चांगले दगड होते, वाया काहून घालायचे? आन् शेळ्या पाला खात होत्या." ओट्यासाठी पाळ हातभर खणली होती. समोरच्या बाजूला तुझं नाव येणार आहे. फरशी सांगितली आहे.

इथे मला तुझ्यावर राग येतो, आणि तो कमी करून लिहिण्याचं कारण दिसत नाही. तुझ्या मागे काय कुणाला द्यायचं हे तू दवाखान्यात सगळं सांगितलंस. तांब्याचा हंडा कुणाला, जाडी गोधडी कुणाला, म्हैस विकायची नाही, विकलीच तर डोंगरकड्याच्या बाजारात नाही, तिथे भाव पाडतात. एवढं सांगणाऱ्या बाईला 'पाळीवर काही लावू नका' हे चार शब्द जड गेले. तुला वाटलं असेल, हे सांगायला कशाला हवं? सगळ्यांनी बघितलंच आहे. त्यांनी बघितलं, आत्या. बघून त्यांना एवढंच कळलं की काकूचा जीव पाळीत होता. मग त्यांनी तुला तिथे ठेवलं. तू कारण दिलं नाहीस, म्हणून त्यांनी आपल्या मनाचं कारण घातलं, आणि ते तुझ्या कारणापेक्षा प्रेमळ निघालं.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवते. या पावसाळ्यात काही होणार नाही. पुढच्याही नाही. सांडवा मोकळा आहे आणि रोप अजून कमरेएवढं नाही. दर वर्षी पाऊस होईल, तळं भरेल, पाळ उभी राहील आणि दर वर्षी गजानन मला फोन करून प्रेमाने सांगेल, ताई, बघा, काही झालं न्हाई. तो खरं सांगत असेल. मुळाला घाई नसते. आज वस्तीवर जी लेकरं रांगतात ती त्या घरांत संसार करतील तेव्हा पिंपळ दोघांच्या कवेत मावणार नाही, आणि तेव्हा त्याला तोडणंही धोक्याचं आणि ठेवणंही. त्या वेळी त्याला हात लावायची हिंमत कुणात नसेल. देवाचं झाड, त्यात पुरलेलं माणूस, त्यावर बांधलेला ओटा. माझ्या बातमीला तेव्हाही कुणीतरी विचारेल, फुटलं का?

त्याच फेरीत मी पाळीवर एकटीच गेले होते. ऊन कलतं झालं होतं. तळ्यात पाणी उरलं होतं ते मधल्या खोलगटात. कांताबाई कमरेवर घागर घेऊन चढत होती. आता तिचे गुडघे दुखतात. ती दोनदा थांबली.

"या ताई," ती म्हणाली. "मी रोज येऊन राहिले. गजूमास्तर म्हणला, मावशे, कशाला तकलीफ घेती, पोरं घालतील पाणी. मी म्हणलं, न्हाई बाबा. काकूला लई बोलले मी. नको नको ते बोलले. आता एवढं तर करू दे."

मी तिला विचारलं, काकू झाडं का उपटायची माहीत आहे का?

"सवभाव एकेकाचा," ती म्हणाली. "जाऊ द्या. गेलेल्या माणसाचं काय काढायचं?"

मग मी तिला सांगितलं. तू जे मला सुपारी कातरताना सांगितलंस ते सगळं, त्याच क्रमाने. लिंब, चौकट, कुजलेली मुळी, आधी नितळ आणि मग गढूळ पाणी, मामा, पोती, तिच्या वस्तीवरचा धूर. सांडव्यावरच्या दगडांचंही सांगितलं, ते तू कशासाठी ठेवले होतेस तेही. तुझी बाजू सावरून घेतली नाही. कांताबाईने घागर खाली ठेवली. तिने वळून पाळीखाली आपल्या घराकडे बघितलं. दारात तिची सून लेकराला न्हाऊ घालत होती. वरून ते घर किती खाली आहे हे चांगलं दिसतं.

"मंग काकूनं आमाला काहून सांगितलं न्हाई?" तिने विचारलं.

तिचा आवाज चढला नव्हता. तिला उत्तर हवं होतं. तुझं ते परवानगीचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, पण तिच्या घराकडे तोंड करून ते म्हणता येईना. उत्तर तुझं आहे, आत्या. मी ते देणार नाही.

ती ओट्याकडे वळून म्हणाली, "म्हंजे हे काढाय पाहिजे."

"हो."

"मी सांगते मास्तरला. आमी समदेच सांगतो. घरं आमचीच हायेत ना खाली." मग ती रोपाजवळ वाकली. पानांवर धूळ होती, ती तिने पदराने पुसली. दोन नवी पानं फुटली होती, तांबूस. "सांगते म्या," ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरा हळू. "पण आज आणलंय पाणी. येवढं चढून आणलंय. आज पिऊ द्या त्याला."

तिने घागर कलती केली. ओट्याच्या आतली माती तापलेली होती. पाणी आधी वर थांबलं, मग एका बाजूने बुडबुडे आले आणि ते खाली जायला लागलं. ते पूर्ण मुरेपर्यंत आम्ही दोघी तिथे उभ्या होतो.